लाल सोनं

हिंगोली

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आप्पा, मी ना धड केमिस्ट्रीची राहिले, ना फिजिक्सची झाले." तेव्हा गिऱ्हाईक बसलं होतं. आता शटर ओढून लिहायला बसलोय.

दिवाळीनंतर तुझ्या प्रयोगशाळेत बाटलीतलं लाल पाणी दाखवून म्हणालीस, हे सोनं. चाळीस वर्षं कसोटीवर सोनं घासणाऱ्याला हे सांगायचं! मनात म्हटलं, पोरगी फसली. मग तू समजावलंस: २० नॅनोमीटरचा कण (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्यात सोन्याचे सुमारे अडीच लाख अणू, एवढा बारीक कण हिरवा उजेड गिळतो, म्हणून पाणी लाल दिसतं. फॅरेडे नावाच्या शास्त्रज्ञाने १८५७च्या सुमारास लंडनला केलेलं असं पाणी अजून लालच आहे म्हणे. इथं आपलं पॉलिश दोन दिवाळ्या टिकत नाही. गरोदरपणाच्या चाचणीतली लाल रेघही बहुतेक पट्ट्यांत याच सोन्याची! मेडिकलवाला बिनबोभाट सोनं विकतो आणि हॉलमार्क मात्र मलाच.

आता तुमच्या भांडणाचं. बायोटेकवाल्या मैत्रिणीने प्रथिनाचं द्रावण ओतलं आणि लाल पाणी निळं पडलं. ती म्हणे तुझं सोनं खराब, तू म्हणे तिचं प्रथिन. फिजिक्सच्या पोराचं उजेड मोजायचं मशीन सांगे, ५२० नॅनोमीटरवरचं, म्हणजे गिळलेल्या हिरव्या उजेडाचं टोक सरकलं. का, ते त्यालाही कळेना. दोन दिवसांनी निघालं काय, तर तिच्या द्रावणातलं मीठ! कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा विद्युतभार मिठाने झाकला आणि कण गोळा झाले. तिला मीठ रोजचं, म्हणून ती बोलली नाही. तू विचारलं नाहीस.

आपले मणी रेशमात ओवणारा पटवेकरी आठवतो? माझ्या मण्यांवर कुरकुरायचा, "भोकाला धार राहते, रेशीम कापतं." शेवटी एक दुपार त्याच्याजवळ बसून ओवणं बघितलं. पटवेकरी काही झालो नाही, पण भोकाच्या कडेवरून कानस फिरवायला लागलो. तूही चार दिवस तिच्या टेबलाशी बस, मग कुणाची झालीस ते मोज.

भांडी धुवायला तेजाब करता म्हणालीस, एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक. त्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नकोस, आतून वायू धरतो. माझ्या मनगटावरचा डाग तू पाहिला आहेस.

आणि सांडलेलं लाल पाणी पुसलेलं फडकं फेकता का गं तुम्ही? आपल्या दुकानापुढची माती झारेकरी त्यातले सोन्याचे कण काढायला पैसे देऊन नेतो.

तुझे आप्पा