व्हेराबद्दल, निवांतपणे

प्रिय मित्रा,

परवा व्हेरा क्लेमेंतेचा विषय निघाला आणि नेमका तेव्हाच फोन कटला. म्हणून हे पत्र.

तिचा नवरा रोबेर्तो. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या कारोलीनाचा, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाकडून 18 मोसम खेळलेला. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने 3000वा हिट मारला. बेसबॉलमध्ये हे फार थोड्यांना जमलंय, एवढं तुझ्यासारख्या क्रिकेटवेड्याला पुरे. 23 डिसेंबरला निकाराग्वातलं मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झालं. मदतीचं सामान तिथल्या हुकूमशहाचे, सोमोसाचे, लोक मधल्यामध्ये लाटतात, हे कानावर आल्यावर गडी स्वतःच ते घेऊन निघाला. 31 डिसेंबरची रात्र, जुनं विमान, त्यात क्षमतेबाहेर लादलेलं. उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं.

पोर्तो रिकोतल्या पिन्योनेसच्या किनाऱ्यावर लोक दिवसचे दिवस उभे होते. व्हेराही तिथे जायची. रोबेर्तोचा सहकारी मॅनी सँगियेन शोकसभेला न जाता पाणबुड्यांबरोबर त्याला शोधायला समुद्रात उतरला! (असा मित्र मिळायला भाग्य लागतं, चढून बसू नकोस.) रोबेर्तोचा देह काही सापडला नाही. व्हेरा तेव्हा 31 वर्षांची. तीन मुलगे, थोरला 7 वर्षांचा, धाकटा 3 वर्षांचा.

पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. तिने अमेरिकी सरकारवर दावा लावला. असं विमान उडूच कसं दिलं, हा तिचा सवाल. खालच्या कोर्टात जिंकली, 1977 मध्ये अपिलात हरली. त्याआधी, 1973 च्या ऑगस्टमध्ये, बेसबॉलमधल्या थोरांचा मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून रोबेर्तोला घेतलं. त्या मानाचा पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू तो. नवऱ्याच्या जागी व्हेरा उभी राहिली आणि म्हणाली, तो असता तर हा मान पोर्तो रिकोच्या, पिट्सबर्गच्या लोकांना आणि आपल्या चाहत्यांना वाहिला असता.

गरीब पोरांसाठी क्रीडानगरी उभारायची, हे रोबेर्तोचं स्वप्न. पोर्तो रिकोच्या सरकारने कारोलीनात 304 एकर जमीन दिली, पण जमिनीवर आपोआप मैदानं उगवत नाहीत. देणग्या मागणं, लोकांची मनधरणी, पोरांची सोय, ही सगळी उस्तवार व्हेराने वर्षानुवर्षं केली. हा भाग कंटाळवाणा वाटेल तुला. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. रोबेर्तोच्या त्या उड्डाणाची गोष्ट कुणीही ऐकतं, कारण ती एका रात्रीत संपते. पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या वह्या कोण ऐकणार? मैदानावरच्या खेळाबरोबर समाजासाठीही झटणाऱ्या खेळाडूला रोबेर्तोच्या नावाचा पुरस्कार मिळतो, त्या सोहळ्यालाही ती वर्षानुवर्षं हजर असायची.

तिने दुसरं लग्न केलं नाही. पोर्तो रिकोही सोडलं नाही, म्हणजे ते विमान जिथून उडालं तेच बेट. ते विमान ज्याच्या पोटात गेलं तो समुद्र त्याच बेटाच्या किनाऱ्याला. मी असतो तर दूर कुठेतरी राहायला गेलो असतो. ती तिथेच राहून तिथल्या पोरांना खेळायला जागा करून देत राहिली.

16 नोव्हेंबर 2019 ला ती गेली, वय 78. बहुतेक बातम्यांच्या मथळ्यात ‘क्लेमेंते यांची पत्नी’ होतं. चूक नाही ते, पण अर्धंच आहे.

तू आलास की रोबेर्तो खेळला ती 1971 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, दाखवतो. नियम मी समजावीन, चहा तू कर.

तुझाच