सीटखालची टकटक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या साखळीची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझी जुनी पेट्रोल व्हॅन हीच आमच्या महिला भजनी मंडळाची गाडी. २००६ सालची, दोन लाख चौदा हजार किलोमीटर चाललेली, इंजिन पुढच्या सीटखाली. पेटी, पखवाज, टाळ आणि आम्ही सातजणी तिच्यात बसतो आणि गाडी मीच चालवते.

गेल्या श्रावणात वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाहून पहाटे परतत होतो. पाऊस असा की काच बोटभर खाली केली तरी मांडीवर पाणी यायचं, म्हणून सगळ्या काचा बंद. कुठ्ठाळी मागे पडली आणि शेजारी बसलेली पेटीवाली म्हणाली, "बाई, डोकं फुटतंय हो." मागे एकीला मळमळू लागलं. माझंही कपाळ जड झालेलं. रात्रभराचं जागरण, उपाशीपोटी चहा, वर भजी, अशी कारणं आम्हीच शोधून काढली. माशेलला गाडी थांबवून दारं उघडली, अर्धा तास आडोशाला उभ्या राहिलो, तेव्हा जरा हुशारी वाटली. परत गाडीत बसलो आणि अमोण्याचा पूल येईपर्यंत पुन्हा तेच. मग मात्र मी काचा खाली करायला लावल्या. भिजत घरी पोचलो. डॉक्टरांकडे कोणी गेलं नाही, ही आमची चूक.

गाडी मला आधीपासून सांगत होती. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की सीटखालून शिवणयंत्रासारखी टकटक यायची आणि दहा मिनिटांत थांबायची. एका गॅरेजमध्ये टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांचा आवाज, म्हणून सांगितलं. दुसऱ्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा जोडनळ) गळतोय हे ओळखलं, पण वरून पुट्टी लिंपली. आवाज गेला, पैसे दिले. ती पुट्टी आठवडाभरही टिकली नाही. तिसरा म्हणाला, बाई, भंगारात द्या.

शेवटी होंडा गावाकडे एक वयस्कर मेस्त्री भेटले. त्यांनी थंड इंजिन सुरू केलं आणि एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसऱ्या सिलिंडरची वायर निघताच टकटक थांबली, म्हणजे गळती त्याच्यापाशीच. इंजिन बंद करून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी शिंपडलं. टोकाच्या स्टडापाशी (नट आवळायला हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यापाशी) भराभर फेस आला. तिथेच काजळीचा काळा पट्टा होता. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि तो ज्याला जोडलेला असतो ते इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड सारखे फुगत नाहीत, ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. रोजच्या तापण्या-निवण्यात सगळा ताण टोकाच्या स्टडांवर येतो. त्यात आपली खारी दमट हवा, गंज, आणि पावसाळ्यात तापलेल्या बीडावर उडणारं रस्त्यावरचं पाणी. गाडी थंड असताना फट उघडी, तापली की बीड फुगून बरीचशी बुजते, म्हणून आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून धूर थांबला असं मी धरून चालले होते.

आणि तो धूर जातो कुठे? मेस्त्रींनी सीट उचलून इंजिनावरच्या झाकणाची रबरी पट्टी मला दाखवली. ती कडक होऊन चार ठिकाणी तुटली होती. म्हणजे गळलेला धूर थेट आमच्या पायांशी. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, झापड ही त्याचीच लक्षणं. त्या पहाटे चाकावर मीच होते आणि गाडीत आणखी सहा बायका होत्या, हे आठवलं की आजही हात गार पडतात.

दुरुस्तीला दोन दिवस लागले, आणि ते का लागतात हे गाडीवाल्यांना कळावं म्हणून सांगते. संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलं. सकाळी एकेक नट गॅसच्या ज्योतीने तापवून, थोडा पुढे थोडा मागे करत सोडवला. तरी एक स्टड हेडच्या पातळीला मोडलेला निघालाच. त्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून मेस्त्रींनी आधी बारीक, मग मोठं ड्रिल चालवलं. मी टॉर्च धरून उभी होते. ईझी-आउट (मोडका स्टड फिरवून काढायचं कडक पोलादी हत्यार) वापरायला ते तयार नव्हते. तो आत मोडला तर त्याच्यावर ड्रिलही लागत नाही, म्हणाले. मग नवे आटे पाडून हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) बसवलं. मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरली, तर एका टोकाला पट्टीखालून उजेड दिसला. वाकलेल्या तोंडावर नवी गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर) घालून उपयोग काय? म्हणून तो लेथवर देऊन सपाट करून आणला. नवी गॅस्केट कोरडी बसवली, पुट्टी नाही. नट मधून बाहेर असे दोन-तीन फेऱ्यांत आवळले आणि शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना पुन्हा तपासले. रबरी पट्टीही नवी. सगळं मिळून ४,६०० रुपये झाले.

त्या सप्ताहाच्या तीनच आठवडे आधी मी पीयूसी काढून घेतली होती, गाडी पास. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११५ व्या नियमाखालची ही चाचणी सायलेन्सरच्या टोकाला नळी लावून होते. वाटेतच गळून गेलेला धूर त्या यंत्रापर्यंत पोचत नाही. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी वाढवून घेतली तेव्हाही सीट उचलून कोणी बघितल्याचं मला आठवत नाही. जुन्या गाड्यांच्या तपासणीत, विशेषतः इंजिन सीटखाली असलेल्या गाड्यांच्या, सीट उचलून मॅनिफोल्डचे सांधे आणि ती रबरी पट्टी बघावी, अशी वाहतूक खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. थंड इंजिन, साबणाचं पाणी, पाच मिनिटं. आमच्या डिचोली-सत्तरीत अशा गाड्या अजून घरोघरी आहेत. मुलं त्यांतूनच शाळेत जातात आणि पावसात काचा बंदच असतात.

हे पत्र श्रावण लागण्याआधी छापलंत तर फार उपकार होतील. सप्ताहाला जाणारी मंडळं निघण्यापूर्वी निदान सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना कान देऊन ऐकतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, साखळी