जनरेटर नको, गच्चीवर सोलर घ्या : आमच्या सोसायटीच्या चेअरमनना पत्र

प्रति,
मा. चेअरमन साहेब आणि समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नागाळा पार्क, कोल्हापूर

विषय : नवा डिझेल जनरेटर घेण्याचा निर्णय थांबवून कॉमन मीटरसाठी गच्चीवर सोलर बसवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावर मागच्या मासिक सभेचं इतिवृत्त वाचलं. जुना जनरेटर वारंवार बंद पडतो, म्हणून २५ केव्हीए क्षमतेचा नवा घ्यायचा आणि त्यासाठी तीन कोटेशनं मागवायची, असं ठरलेलं दिसतंय. कोटेशनं जरूर मागवा, पण ॲडव्हान्स कुणाला देऊ नका. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे, तिच्या अजेंड्यावर हा विषय घाला. पत्र एवढ्यासाठीच आहे. बाकीचं सगळं, असं का म्हणतोय त्याचं कारण.

डिझेलवर माझा राग नाही. उद्यमनगरच्या कारखान्यांत माझी सगळी नोकरी ऑइल इंजिनांवर गेली. पंचक्रोशीतल्या विहिरींवर आणि नदीकाठावर आपल्या गावची इंजिनं धडधडत होती, त्यावर ऊस उभा राहिला, गुऱ्हाळं चालली. पण ज्या शेतकऱ्यानं ती इंजिनं वापरली त्यानं वीज आल्यावर मोटर बसवली, आणि आता तोच 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के भरून सोलर पंपासाठी अर्ज करतोय. फाउंड्र्यांचंही तेच. लोखंड वितळवायच्या कोकवरच्या भट्ट्या, म्हणजे क्युपोला, काढून कितीतरी जणांनी विजेवरच्या इंडक्शन फर्नेस घातल्या. हिशेबाला पक्की माणसं आहेत ही, हौस म्हणून कुणी बदललेलं नाही. आपण मात्र शहराच्या मध्यात राहून पार्किंगमध्ये नवं डिझेल इंजिन आणायला निघालोय.

आता त्या २५ केव्हीएबद्दल. एवढा मोठा जनरेटर लागतो कशाला? टाकीवर पाणी चढवणारी मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्या दोन-चार सेकंदांसाठी. एकदा मोटर पळायला लागली की जनरेटरवर पाव लोडसुद्धा राहत नाही. आणि डिझेल इंजिनाला कमी लोड मानवत नाही. सिलिंडर पुरता तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, नोझलला काजळी धरते, सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल पाझरायला लागतं. आपल्या जनरेटरच्या मागच्या भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीपर्यंत काळा पट्टा उठलाय, तो दोनदा रंग मारूनही परत उमटला. सभेत 'मशीन जुनं झालं' असं कुणीतरी म्हणाल्याचं कळलं. जुनं झालंय हे खरं, पण त्याला मारलंय ते रिकाम्या पळण्यानं, आणि नव्याचंही तेच होणार.

पूर्ण लोडवर चांगला जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज देतो, आपल्यासारख्या लोडवर त्याहून बरीच कमी. डिझेल लिटरला नव्वदीच्या घरात आहे. म्हणजे ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग धरायच्या आधीच युनिट तीस रुपयांच्या आसपास गेलं. शिवाय एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी आणि धूर पावणेतीन किलो कसा, असं जोशी वकिलांसारखं कुणी विचारेलच (आपल्याकडं असा एक तरी सभासद असतोच, म्हणून काल्पनिक नाव घेतलं). डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन धरून घेतो, त्याचं ते वजन.

पैशाचं आणि धुराचं बाजूला ठेवू. महापुरात काय झालं ते आठवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शहरात येणारं डिझेल, पेट्रोल, गॅसचे सिलिंडर, दूध सगळंच अडकलं. वीज गेलेली होती, आपला जनरेटर धडधाकट होता आणि टाकीत डिझेल नव्हतं. ज्या वस्तूसाठी आपण लाखो रुपये घालणार, ती नेमक्या गरजेच्या आठवड्यात बाहेरून येणाऱ्या टँकरवर अवलंबून असणार. त्यात ती ठेवणार पार्किंगमध्ये, म्हणजे पाणी शिरलं तर पहिली बुडणार तीच.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण सोलर विकणारे तो काढत नाहीत. गच्चीवर साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, सोलर बसवला आणि लाइट गेली, तर भर उन्हातसुद्धा तो बंद पडतो. तसा तो मुद्दामच केलेला असतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. त्यामुळं नुसत्या पॅनेलनं जनरेटरची जागा भरून निघत नाही. आपल्याला लाइट गेली तरी पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागेल. बॅटरी जिन्याच्या वरच्या खोलीत, हवा खेळती राहील अशी ठेवायची, खाली नाही.

त्या बॅटरीवर घ्यायचं किती? एक लिफ्ट आणि जिन्यातले एलईडी दिवे, बास. आपल्याकडं लाइट जाते ती बहुतेक वळवाच्या पावसात फांद्या पडून, नाहीतर पावसाळ्यात एखादा फिडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद होऊन. तास-दोन तासांत येते. तेवढ्या वेळात पाण्याची मोटर चालवायची गरज नसते, टाकी सकाळीच भरलेली असते. लिफ्ट एका युनिटमध्ये दहा-पंधरा फेऱ्या सहज करते, म्हणजे आठ-दहा युनिटची बॅटरी पाचव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांची सोय चांगली बघेल. दुसऱ्या लिफ्टला एआरडी बसवा. मध्येच लाइट गेली तर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. हे आपण तसंही करायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट, गच्ची. सेक्रेटरी साहेबांकडून वर्षभराची कॉमन मीटरची बिलं घेऊन बघितली. महिन्याला हजार युनिटच्या आगेमागे जातात, आणि वरच्या स्लॅबनं पैसे भरतो ते वेगळंच. एक किलोवॅट सोलर वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिट देतो. म्हणजे आठ किलोवॅटला महिन्याला साडेनऊशेच्या घरात. जागा लागते किलोवॅटला शंभर चौरस फूट, म्हणजे आठशे. बी विंगच्या गच्चीचा दक्षिणेकडचा भाग पुरतो, ए विंगला हातसुद्धा लावावा लागत नाही.

बाजारात किलोवॅटला साधारण ५० ते ६० हजार रुपये पडतात. पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजारांचं अनुदान मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीच्या कॉमन वापरासाठीही किलोवॅटला १८ हजार मिळतात, हे फारसं कुणी सांगत नाही. आठ किलोवॅटला झाले १ लाख ४४ हजार. अट अशी, की पॅनेल देशात बनवलेल्या सेलचे हवेत आणि बसवणारा नोंदणीकृत हवा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीचा फेराही लागत नाही. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतच आहे, म्हणून मी घाई करतोय. बॅटरीला अनुदान नाही. पण जनरेटरसाठी जी रक्कम तुम्ही बाजूला काढणार होता, त्यात बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर बसावा असा माझा अंदाज आहे. कोटेशन आल्यावर कळेल. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या रकमेला, हात लावायचं काम पडू नये.

'कोल्हापुरात चार महिने ऊन दिसत नाही, पावसाळ्यात काय करणार?' हा प्रश्न येणारच, आणि तो बरोबर आहे. जुलैत सलग झड लागली की पॅनेल अर्धंमुर्धंच देतात. पण नेट मीटरिंगचं, म्हणजे दिलेली आणि घेतलेली युनिटं वळती करून बिल काढण्याचं, वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं, हे आपल्या फायद्याचं आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जास्तीची युनिटं महावितरणकडं जमा होतात आणि जून ते ऑगस्टमध्ये ती आपल्याच बिलातून वळती होतात. मार्चअखेर जी शिल्लक उरेल तिला मात्र फार कमी दर मिळतो. म्हणून कुणी 'पंधरा किलोवॅट टाका, कमाई होईल' म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्या वापराएवढंच बसवायचं. आणि पाण्याची मोटर पहाटे चालवतो ती सकाळी नऊनंतर चालवू, म्हणजे पॅनेलची वीज तिथल्या तिथं वापरली जाईल.

वाळवणाचा प्रश्नही मला माहीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, सांडगे, शेवया पडतात, कोजागिरीला मसाला दूध तिथंच होतं. पॅनेलची चौकट आठ फूट उंच उभारली तर खाली चालायला, बसायला जागा राहते, उलट सावली मिळते. मात्र उंच चौकटीला वारा जास्त लागतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घेतल्याशिवाय कुणाला बोल्ट मारू देऊ नका. स्लॅबला भोक पाडून वॉटरप्रूफिंग घालवणारे ठेकेदार मी बघितलेत. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर चौकट उभी करा, असं वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

साफसफाईचं म्हणाल, तर ऊस तुटायला लागला की आसपासच्या शेतात पाचट पेटतं आणि त्याची लांबट काळी काजळी गच्चीवर येऊन पडते. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ती चिमटीत धरायला गेलं की फिसकटते आणि डाग कायमचा बसतो. तीच पॅनेलवर बसणार. त्या हंगामात आठवड्याला एकदा धुवावं लागेल, तेही सकाळी काच थंड असताना आणि महापालिकेच्या पाण्यानं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग एकदा बसले की सुटत नाहीत.

कुणी म्हणेल, लाइट तर तारेतून येतेच, ती कुठं डिझेलची आहे? कोयना आहे, आपलं राधानगरी आहे. आहेत, पण राज्याच्या विजेचा मोठा वाटा अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होतो. ग्रिडच्या एका युनिटमागे देशाच्या सरासरीनं सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. लिफ्ट विजेवर चालते म्हणून ती स्वच्छ आहे असं नाही.

याच ओघात गच्चीवरच्या जुन्या सोलर वॉटर हीटरकडं लक्ष द्या. काचेच्या काही नळ्या फुटल्यात, बाकीच्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार बसलाय, म्हणून एकेक करून सगळ्यांनी बाथरूममध्ये गीझर लावले. एका चांगल्या शंभर लिटरच्या हीटरनं वर्षाला १५०० युनिटपर्यंत वीज वाचते असा सरकारी हिशेब आहे. नळ्या बदलणं आणि टाकी धुऊन घेणं हा दुरुस्तीचा किरकोळ खर्च आहे, त्याला कुणाच्या मंजुरीची वाट कशाला बघायची?

स्वयंपाकघरात समितीनं शिरू नये असं माझं मत आहे. पण पाइप गॅसच्या लाइनसाठी सोसायटीनं कॉमन पैसे घालावेत अशी एक चर्चा कानावर आली, म्हणून दोन ओळी. पाइपमधून येणाराही शेवटी जमिनीतून काढलेलाच गॅस. ज्याला हवा त्यानं आपल्या खर्चानं घ्यावा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १२० ते १३० युनिटमध्ये होतं. ज्याचा महिन्याचा वापर आधीच तीनशे युनिटच्या वर जातो त्याला हे आज परवडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्याचा वापर कमी आहे त्यानं चहा, दूध, कुकर इंडक्शनवर घ्यावा. भाकरी आच लागल्याशिवाय फुगत नाही, हे घरात ऐकवलं गेलंय मला, तेव्हा एक सिलिंडर राहू दे. देशाला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. तिकडं काही भडकलं की इकडं चुलीवर परिणाम होतो.

पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटर वाढायला लागल्यात आणि खिडकीतून वायर सोडून चार्जिंग चाललंय, ते धोक्याचं आहे. सोलरचं काम काढलं की त्याच वेळी प्रत्येकाच्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत पक्की लाइन आणि एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) घ्यायला लावा. घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे, वेगळं मीटर लागत नाही.

सभेपुढं ठेवायला सोलर आणि बॅटरीची दोन-तीन कोटेशनं मी आणून देतो. त्यासाठी सोसायटीनं फक्त कॉमन मीटरचा मंजूर भार किती आहे ते बिलावरून बघून कळवावं, सोलरची क्षमता त्याच्या वर नेता येत नाही. रविवारी सकाळी कुणी समिती सदस्य मोकळे असतील तर गच्चीवर या, जागा टेपनं मोजूनच घेऊ.

आपला सभासद,
बी विंग, चौथा मजला

ता. क. : जुन्या जनरेटरसाठी भंगारवाला चौकशी करून गेल्याचं वॉचमन म्हणाला. तो किलोवर मागेल, देऊ नका. अल्टरनेटरमध्ये तांबं चांगलं आहे आणि इंजिनाचा ब्लॉक अजून शाबूत आहे. उद्यमनगरातून एकाला दाखवायला आणतो, मग भाव ठरवू.