क्लायंटही छापा, आणि तो जरा वांड असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पायथॉनमधल्या असिंक्रोनस (एका कामाची वाट पाहताना दुसरे हाती घेणाऱ्या) वेब सर्व्हरवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत कोणी कोडसकट लिहिते आहे, याचाच आधी आनंद झाला. मात्र ‘फंक्शनच्या आधी असिंक लिहिले की सर्व्हर वेगवान होतो’ हे वाक्य खटकले. मी नवशिक्यांना पायथॉन शिकवते. हा समज वर्गात नेहमी भेटतो, आणि छापून आला की तो खोडायला दुप्पट मेहनत पडते.

असिंकमुळे कोणतेही एक काम लवकर उरकत नाही. सर्व्हरचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो: नेटवर्कवरून बाइट येण्याची, डेटाबेसच्या उत्तराची. त्या फुकट वेळात दुसऱ्या जोडणीकडे बघायचे, एवढीच यातली युक्ती. कोणते सॉकेट (जोडणीचे टोक) तयार आहे हे इव्हेंट लूप, म्हणजे कामे आळीपाळीने पुढे नेणारे चक्र, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो (लिनक्सवर ‘ईपोल’ या सोयीमार्फत) आणि तयार असेल त्याचे काम पुढे नेतो. एकच वेटर अनेक टेबले सांभाळतो, ही लेखातली उपमा इथवर ठीक आहे. पण तोच वेटर आत जाऊन स्वयंपाकाला लागला, तर सगळीच टेबले खोळंबणार. हँडलरमध्ये (जोडणी सांभाळणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘टाइम.स्लीप(५)’ लिहून पाहा. एक नव्हे, सगळे क्लायंट (सर्व्हरला विनंती पाठवणारे प्रोग्रॅम) पाच सेकंद थिजतात. त्याजागी ‘अवेट असिंकआयओ.स्लीप(५)’ लिहिले की फक्त तो एक थांबतो. मोठी आकडेमोड किंवा चित्रे लहान करणे असली कामे वेगळ्या प्रोसेसकडे द्यावीत. असिंकआयओ या पायथॉनच्या लायब्ररीचा डीबग मोड चालू केला, तर शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ लूप अडवणाऱ्या पायरीची तो लॉगमध्ये नोंद करतो. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.

इतिहासाबद्दल एवढेच, की ही गोष्ट २००९ च्या नोड.जेएस या जावास्क्रिप्ट प्रणालीपासून सुरू होत नाही. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्येच मांडला होता, आणि त्याच वाटेने जाणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. पायथॉनला ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत मिळाले.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेखात सर्व्हर आहे, क्लायंट नाही. चाचणी ब्राउझरने घ्यायला सांगितली आहे. ब्राउझर फार सभ्य असतो. संपूर्ण विनंती नीट, एका दमात पाठवतो. त्यामुळे लेखातल्या ‘रीडर.रीड(१०२४)’ (जास्तीत जास्त १०२४ बाइट वाच) या ओळीतला दोष कोणाला दिसणारच नाही. बाइट पोचवणाऱ्या ‘टीसीपी’ या नेटवर्क नियमावलीला संदेश कुठे सुरू झाला, कुठे संपला याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी बाइटांचा एक सलग प्रवाह असतो, आणि त्या ओळीला त्यातला कितीही तुकडा हाती येऊ शकतो. क्लायंट स्वतः लिहिला की हे चटकन पटते. ‘ओपन_कनेक्शन’ने १२७.०.०.१ वर, म्हणजे आपल्याच संगणकावर, जोडणी करायची, विनंतीची पहिली ओळ अर्धवट पाठवायची, सेकंदभर झोपायचे आणि मग उरलेले पाठवायचे. लेखातला सर्व्हर त्या अर्ध्या ओळीलाच पूर्ण विनंती समजतो. हेडर (विनंतीच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) संपल्याची खूण म्हणजे रिकामी ओळ, आणि ‘रीडअनटिल’ वापरून तिथपर्यंत वाचत राहणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

दुसरा क्लायंट याहून आगाऊ. जोडणी करतो आणि काहीच पाठवत नाही. सर्व्हर बिचारा वाट पाहत बसतो, आणि असे क्लायंट साठत गेले की जोडण्यांची मर्यादा संपते. २००९ मध्ये उघड झालेला ‘स्लोलोरिस’ हल्ला याच जातीचा होता: हेडर थेंबाथेंबाने पाठवायचा, संपवायचा कधीच नाही. म्हणून ‘वेट_फॉर’ने घातलेली मुदत संपूर्ण हेडरला हवी. प्रत्येक तुकड्याला नवी मुदत दिली, तर थेंब टाकणारा तग धरून राहतो.

तिसरी गोष्ट खास आपल्या भाषेची, आणि मराठी लेखातच ती सुटावी याचे नवल वाटते. नमुन्यातले उत्तर इंग्रजीत आहे, त्यामुळे कंटेंट-लेंग्थमध्ये (उत्तराच्या मजकुराची लांबी सांगणाऱ्या ओळीत) ‘लेन’ने मोजलेली अक्षरसंख्या टाकूनही सारे सुरळीत दिसते. तिथे ‘नमस्कार’ पाठवा. पायथॉन सात मोजतो, पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्याचे एकवीस बाइट होतात. कंटेंट-लेंग्थला बाइट लागतात. सातच सांगितले, तर क्लायंटच्या हाती ‘नम’ आणि पुढच्या अक्षराचा एक तुटका बाइट येतो. आधी ‘एन्कोड’ने मजकुराचे बाइट करायचे, मग मोजायचे.

वेगाचा भास कुठून येतो, तेही क्लायंटमध्येच कळते. उत्तराला दोन सेकंद घेणाऱ्या सर्व्हरकडे तीन विनंत्या एकाखाली एक ‘अवेट’ लिहून पाठवल्या, तर सहा सेकंद लागतात. सगळा कोड असिंक असूनही! त्याच तिन्ही ‘गॅदर’मध्ये (कामे एकत्र सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये) दिल्या की सुमारे दोन सेकंदांत काम होते, कारण तिघांची वाट पाहणे एकाच वेळी चालते.

असा हाताने लिहिलेला सर्व्हर खऱ्या वापरात ठेवू नये, तिथे तयार फ्रेमवर्कच बरे. याबाबत लेखकांशी माझे दुमत नाही. पण पुढच्या भागात क्लायंटचा कोड द्यावा, आणि त्याआधी ‘रीड(१०२४)’ची दुरुस्ती ठळकपणे छापावी. बऱ्याच वाचकांनी ती ओळ तशीच उतरवून घेतली असणार.

आपली,
प्रोग्रॅमिंग शिकवणारी एक वाचक