दुहेरी स्नोड्रॉपचे मूळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात दुहेरी स्नोड्रॉप (थंड प्रदेशात कंदापासून उगवणारे छोटे पांढरे फूल) हे प्रयोगशाळेतून निघालेले फूल असल्याचे म्हटले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. साध्या फुलात बाहेर तीन लांब आणि आत हिरव्या ठिपक्याची तीन आखूड दले असतात. ‘फ्लोर प्लेनो’ या जुन्या दुहेरी वाणात मात्र आतल्या दलांची इतकी दाटी असते की खाली झुकलेले फूल उलटून पाहिल्यास हिरव्या खुणांची चुणीदार झालरच दिसते. हा बदल निसर्गतः घडला, आणि बी धरत नसल्याने हा वाण शतकानुशतके कंद फुटूनच पसरत आला आहे.

त्याचे थोडे परागकण तेवढे कामी येतात. इंग्लंडमधील नॉरफोकच्या हेरिक ग्रेटोरेक्स यांनी १९४०च्या दशकात ते स्नोड्रॉपच्याच ‘प्लिकेटस’ या दुसऱ्या जातीवर वापरून संकर केले आणि त्यांना ऑफेलिया, डेस्डेमोना अशी शेक्सपिअरच्या स्त्रीपात्रांची नावे दिली. (त्यांतली ही कोणती आणि ती कोणती, यावर जाणकारांचेही एकमत होत नाही!) आपल्याकडे बंगळूरजवळील हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेने एकेरी व दुहेरी निशिगंधाच्या संकरातून ‘सुवासिनी’ ही जात काढली, ती याच वाटेने.

लेख वाचून टिळकवाडीतील काही हौशी मंडळी स्नोड्रॉपचे कंद मागवू पाहत आहेत. या कंदांना कडक हिवाळा लागतो, बेळगावची थंडी पुरणार नाही. शिवाय त्यांचा परदेशी व्यापार ‘सायटीस’ या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली येतो. हा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बेळगाव