जाळी, नळ आणि कपाटं सांभाळायला शिकवणाऱ्या शेजारच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला कुणीतरी तुमच्या भाषेत वाचून दाखवेल. ते मराठीत आणि सर्वांसमोर लिहिण्याचं कारण असं, की जपानमधल्या चिबाच्या या उपनगरांत दरवर्षी नवी मराठी बिऱ्हाडं येतात आणि तुम्ही आम्हाला शिकवलेलं त्यांनाही कळायला हवं. तुम्ही तुमचं नाव छापू द्यायचा नाहीत, म्हणून नुसतं 'काका'.

सगळ्यांत आधी आभार डासांच्या जाळीबद्दल. इथल्या सरकत्या खिडक्यांच्या बाहेर ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाळी असते आणि ती फाटली की नवे लोक सगळी चौकटच बदलायला निघतात. तुम्ही दाखवलंत की बदलायची ती फक्त जाळी, आणि ती धरून ठेवणारी रबराची दोरी. चौकट निखळू नये म्हणून तिला अडसर असतो, त्याचा स्क्रू सैल करायचा आणि चौकट उचलून काढायची. जुनं रबर उपसलं की त्याचा बोटभर तुकडा खिशात टाकून होम सेंटर, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाचं मोठं दुकान, गाठायचं. रबर 3.5, 4.5, 5.5 आणि 6.8 मिलिमीटर अशा जाडीत मिळतं. जुनं रबर आकसलेलं असतं, त्यामुळे तुकडा दोन मापांच्या मधला वाटला तर खोबणीची रुंदीही मोजायची. बारीक रबर वाऱ्याने सुटतं, जाड रबर खोबणीत बसतच नाही.

जाळी 18 किंवा 24 नंबरची, म्हणजे एका इंचात तितकी छिद्रं. तुमचं मत नेहमी 24 च्या बाजूने, कारण 18 मधून बारीक चिलटं आत येतात. रंग काळा, कारण त्यातून बाहेरचं स्पष्ट दिसतं. खोबण जुन्या टूथब्रशने घासून घ्यायची, जाळी खोबणीच्या बाहेर चहूकडे पाचेक सेंटीमीटर राहील अशी पसरायची, चिमटे लावायचे आणि चाकाच्या हत्याराने रबर दाबत जायचं. कोपऱ्यात चाक चालत नाही, तिथे मुठीचं टोक. नवखा माणूस इथे हमखास जाळी ताणतो. ताणलेली जाळी दिसते छान, पण चौकटीच्या लांब बाजू मधोमध आत ओढल्या जातात आणि मग कडेच्या फटीतून डास येतात. म्हणून पहिल्या दोन बाजू बसल्या की उरलेल्या बाजूंना हाताने फक्त सुरकुती काढायची. शेवटी रबराच्या बाहेरच्या कडेने कटर फिरवायचा, पातं नवं हवं. बोथट पातं धागे ओढतं.

त्याहून मोठे उपकार म्हणजे जाळी कुठल्या बाजूला ठेवायची, हे सांगितलंत. घरातून पाहताना जाळी उजवीकडे असली तर उजवी काच कितीही उघडा, फट राहत नाही. डावीकडे ठेवून डावी काच अर्धीच उघडली, तर काच आणि जाळी यांच्यामध्ये उभी वाट मोकळी राहते. डासांच्या उदबत्त्यांवर पैसे घालवणाऱ्या कितीतरी घरांचा प्रश्न फुकटात सुटला असता.

हिवाळ्यात एकेरी काचेवर बबल रॅप लावायची युक्तीही तुमचीच. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून काचेवर फवारायचं, वरून खाली दाबत चिकटवायचं, खालची कड किंचित मोकळी सोडायची म्हणजे साचलेलं दव निथळतं. पण लावण्याआधी तुम्ही काचेत तार आहे का ते पाहायचात. शेजारच्या घराला लागून असलेल्या खिडकीत आगीपासून संरक्षण म्हणून बरेचदा तारेची काच असते. उन्हात अशा काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतल्या कडा गार राहतात, आणि आवरणामुळे हा फरक वाढून काच आपोआप तडकते. तिथे जाड पडदा जमिनीपर्यंत सोडावा, इतकंच. साध्या काचेवरही आवरणामागे ओल धरते, म्हणून अधूनमधून उचलून पुसायचं, नाहीतर वसंतात हाती बुरशी येते.

भूकंपासाठी कपाट आणि छत यांच्यात लावायचे दाबखांब घरोघरी दिसतात आणि निम्मे चुकीच्या जागी असतात. लोक ते पुढच्या कडेला लावतात, कारण तिथे हात पोचतो. खांब भिंतीलगत, मागच्या बाजूला, आणि कपाटाच्या उभ्या फळ्यांच्या बरोबर वर हवेत, नाहीतर वरची फळीच वाकते. छत ठोकून पाहायचं. पोकळ आवाज आला तर वर नुसता पातळ जिप्सम बोर्ड आहे आणि खांब त्यातून आरपार जाईल. अशा वेळी दोन आडव्या वाशांवर टेकेल अशी लाकडी फळी मध्ये घालायची. शिवाय कपाटाच्या पुढच्या पायाखाली पाचरीची पट्टी सरकवायची, म्हणजे कपाट भिंतीकडे किंचित झुकतं. नुसता खांब किंवा नुसती पाचर अपुरी, दोन्ही एकत्र हवीत. घर स्वतःचं असेल तर भिंतीच्या आतला लाकडी खांब शोधून एल आकाराचा कंस ठोकणं सर्वांत भक्कम. भाड्याच्या घरात प्रश्न घर सोडतानाच्या हिशेबाचा. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार टाचणीची भोकं नेहमीच्या वापरात धरतात, पण बोर्ड बदलावा लागेल अशी खिळ्या-स्क्रूची भोकं भाडेकरूच्या अंगावर येतात. म्हणून स्क्रू मारण्याआधी मालकाला विचारायला तुम्ही सांगायचात.

नळाचं सोपं आहे. दोन मुठींचा जुना नळ तोंडातून ठिबकत असेल तर आतला झडपेचा तुकडा झिजलाय, मुठीखालून पाझरत असेल तर तिथलं तिकोनी वायसर. दोन्ही बहुतेक घरांत '13' मापाचे आणि काही शे येनांत मिळणारे. आधी मीटरच्या पेटीतला मुख्य वॉल्व बंद, मग पाना. एकाच दांडीच्या नळाला मात्र हात लावू नये, त्याचं आतलं नळकांडं मॉडेलप्रमाणे वेगळं असतं. कुलूप अडकलं तर तेल नाही, पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासायचं, कारण तेलात धूळ धरून कुलूप आणखी जाम होतं. आणि भिंतीतलं विजेचं सॉकेट स्वतः बदलायचं नाही. ते 1960 च्या कायद्याने परवानाधारकाचंच काम आहे. घरून आणलेल्या मिक्सरवर प्रेम करणाऱ्या आमच्या लोकांना हे दोनदा सांगावं लागतं.

शोजीच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर कागद चिकटवलेल्या सरकत्या दारांच्या, फाटक्या कागदाचं काम तुम्ही वर्षअखेरीच्या साफसफाईत काढायचात. पट्ट्या ओल्या स्पंजाने भिजवायच्या, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग कागद अखंड निघतो. घाईने ओढला तर चिंध्या उरतात. चौकट पूर्ण वाळल्यावरच नवी खळ. अरुंद गुंडाळीचा कागद खालून वर लावत जायचा, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि जोडावर धूळ बसत नाही. खळ वाळली की पाण्याचा हलका फवारा, सैल कागद आपोआप ताठ होतो. प्लास्टिकच्या कागदावर हा फवारा व्यर्थ.

तुम्ही न लावलेल्या गोष्टींबद्दलही आभार मानले पाहिजेत. मांजरं येऊ नयेत म्हणून कुंपणालगत पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत या भागात अजून आहे. मांजरं चार दिवसांत सरावतात. शिवाय पाण्याची बाटली भिंगासारखी ऊन एका जागी गोळा करते, आणि मागे वाळली पानं किंवा पुठ्ठा असेल तर पेट घेतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून तेव्हा धोका जास्त. अग्निशमन दल याबद्दल सावध करतं, तरी बाटल्या जागेवरच. तसाच गाडी चढवायला रस्त्याच्या कडेला ठेवलेला रबरी उतार. रस्त्यांच्या कायद्याच्या 43 व्या कलमाने तो ठेवायला मनाई आहे, तो पावसाचं पाणी अडवतो, आणि अंधारात सायकलवाला त्यावरून घसरतो. हवा असेल तर रस्ता सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे त्याच कायद्याच्या 24 व्या कलमाखाली अर्ज करून स्वखर्चाने रस्त्याकडेची उंच कड उतरवून घ्यायची. हे सांगून तुम्ही गल्लीत थोडे अप्रियही झालात.

कचऱ्याच्या जागेवरचं जाळं बारीक विणीचं असूनही कावळे पिशव्या फाडत होते, कारण ते कडेखालून ओढतात. कडेला साखळी ओवलीत आणि विषय संपला. आपल्याकडे कावळा शिवावा म्हणून लोक ताटकळतात, इथे शिवू नये म्हणून ड्युट्या लावतात!

पुराचं पाणी घरात शिरू नये म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी करायचे पाण्याचे गठ्ठे प्रत्येक घराने शिकून घ्यावेत. 45 लिटरच्या कचऱ्याच्या पिशव्या, एकात एक अशा दोन. त्यात साधारण 20 लिटर पाणी, याहून जास्त भरलं तर उचलवत नाही. हवा काढून गाठ मारायची, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून उंबऱ्याला खेटून रांग लावायची आणि सगळ्याला निळी ताडपत्री गुंडाळायची. एक गठ्ठा संडासाच्या भांड्यात आणि एक न्हाणीघराच्या मोरीवर. गटार तुंबलं की पाणी आधी तिथूनच उलटं वर येतं. घोट्याएवढ्या पाण्याला हे पुरतं. त्याहून जास्त येणार असेल तर घर सोडायचं.

सप्टेंबर 2019 च्या 15 नंबरच्या (म्हणजे त्या वर्षीच्या पंधराव्या) वादळानंतर चिबात छपरांवर निळ्या ताडपत्र्या अंथरायला चढून माणसं पडली. काका, कौलं सरकली तर यंदा तुम्ही चढू नका, कारागीर येईपर्यंत माळ्यात बादल्या आणि प्लास्टिक पुरे.

तुमच्या मागच्या खिडकीची जाळी खालच्या कोपऱ्यात सुटली आहे. 4.5 चं रबर आणि 24 नंबरची काळी जाळी आणून ठेवली आहे. सोयीचा रविवार कळवा.

तुमची,
गल्लीतली मराठी बिऱ्हाडं