फोर बाय फोरची दांडी अडकली म्हणून लगेच गाडी खोलायला देऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नव्या गाड्यांबद्दल तुमच्याकडे भरपूर छापून येतं, पण फोर बाय फोर गाडीतली ती दुसरी छोटी दांडी कधी ओढायची आणि कधी नाही हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र. मी स्वतः चिखलातून गाडी काढली आणि फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारी जागा) तसंच ठेवून पक्क्या कोरड्या रस्त्याने बराच लांब आलो, वळणावर स्टेअरिंग जड, गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी, आणि दांडी टू-एचला, म्हणजे दोनच चाकांच्या जागेवर, येईचना. गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, उतरवून खोलली, आत एक दातासुद्धा तुटलेला नव्हता. मजुरी गेली ती गेलीच.

झालं काय होतं, तर पार्ट-टाइम प्रकारात (गरजेपुरतंच फोर बाय फोर टाकायचं) पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी, नसतं, फोर-एच टाकलं की एक्सलकडे जाणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. पण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे जास्त अंतर जातात. चिखलात, वाळूत टायर थोडे घसरतात आणि हा फरक निघून जातो, डांबरावर घसरायला वावच नाही, मग शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये पीळ भरत जातो आणि त्या पिळानेच दांडी आवळून धरलेली असते. अशा वेळी दांडीशी मारामारी अजिबात करू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकेल. स्टेअरिंग सरळ करून गाडी सावकाश थोडी रिव्हर्स घ्या आणि दांडीवर हलका हात ठेवा, बहुतेक वेळा आपोआप सुटते. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ बसतो, हे तर मला फार उशिरा कळलं. फुल-टाइम, म्हणजे कायम चारही चाकांवर चालणाऱ्या, गाडीत मध्ये डिफरन्शियल असतं म्हणून ती डांबरावर चालते, पण तिथेही सेंटर लॉक (ते मधलं डिफरन्शियल जखडणारा) लावून ठेवला की तीच गत.

फोर-एल, म्हणजे जास्त जोर आणि कमी वेगाची जागा, टाकताना गाडी थांबवा, गिअर न्यूट्रल करा, मग दांडी ओढा. चालत्या गाडीत टाकलं तर खरखर ऐकू येते ती दातांचीच असते.

आणि एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, ती कृपा करून ठळक छापा. ट्रान्सफर केसच न्यूट्रलमध्ये राहिली असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली काय किंवा ऑटोमॅटिक पार्कमध्ये ठेवली काय, काही उपयोग नाही, चाकांशी गिअरबॉक्सचा संबंधच उरलेला नसतो, उतारावर गाडी सुटते. हँडब्रेक ओढल्याशिवाय आणि चाकाखाली दगड लावल्याशिवाय उतरू नका.

दांडीऐवजी बटण असलेल्या गाडीत फोर बाय फोरचा लाइट नुसता ब्लिंक करत राहिला तर आधी फ्यूज आणि शिफ्ट मोटरचा (दांडीचं काम करणाऱ्या मोटरचा) कनेक्टर बघा. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर ट्रान्सफर केसचं ऑईल बघा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. काही ट्रान्सफर केसना ऑटोमॅटिकचं पातळ ऑईल लागतं, काहींना जाड गिअर ऑईल, त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका, शेजाऱ्याच्या गाडीला चाललं म्हणून नको.

तुमच्या वाहनांच्या पानावर एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून यावर चित्रांसकट सविस्तर लेख लिहून घ्यावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक